बाइंडिंगचं दुकान, पापाची तिकटी परिसर: पाचपैकी चार

आधी कामाचं सांगते. पापाच्या तिकटीकडून गंगावेशीकडे निघालात की मधल्या एका बोळात हे दुकान आहे. पाटी नाही. दारात पुठ्ठ्यांची चळत आणि मैद्याच्या खळीचा आंबूस वास, हीच खूण. मालक पासष्टीच्या पुढचे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. ‘नाव घालू नका ताई, लोक लग्नाच्या पत्रिका छापायला येत्यात,’ असं बजावलंय, म्हणून नाव देत नाही. सोमवारी बंद. फोन उचलत नाहीत. दिवाळीआधीचा महिना आणि मार्चअखेर टाळा. तेव्हा मामा गूळ अडत्यांच्या चोपड्यांत बुडालेले असतात, मान वर न करता ‘ठेवा तिथं’ म्हणतात, आणि ‘तिथं’ म्हणजे कुठं हे त्यांनाही नंतर आठवत नाही.

माझं काम होतं एकशे बारा सुट्या कागदांचं. मापं वेगवेगळी, सगळे महापुरात भिजून वाळलेले. ते शिवून कापडी बांधणी करायची होती. घेतले १,८५० रुपये. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि सात आठवड्यांनी दिले. एक तारा त्यासाठी कापलाय. उरलेले चार का दिले, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. ज्यांना फक्त दर हवे होते त्यांनी इथेच थांबावं.

कागद आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. आप्पा शाळेत बुककीपिंग शिकवायचे आणि राष्ट्र सेवा दलाचे होते. आणीबाणीत, नोव्हेंबर १९७५ मध्ये, सत्याग्रह केला म्हणून उचलले, मग मिसा, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा, लावला आणि येरवड्याला नेले. मी तेव्हा सात वर्षांची. त्या जूनच्या अखेरीस कायद्यात अशी दुरुस्ती झाली होती की माणसाला का धरलं हे त्याला सांगायचंही बंधन सरकारवर उरलं नव्हतं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालात मिसाखाली धरलेल्यांचा आकडा ३४,९८८ आहे. त्यातल्या शेवटच्या आठात आप्पा असणार असं आई म्हणते, कारण कुठंही गेले तरी शेवटच्या रांगेत बसायचे.

फेब्रुवारी १९७७ मध्ये सुटून आले. तुरुंगाबद्दल विचारलं की ‘डाळ पातळ होती’ एवढंच. पुढे कुणी भाषणाला बोलावलं तरी गेले नाहीत. कागद ट्रंकेत राहिले. आप्पा २०११ मध्ये गेले, ट्रंक पलंगाखाली राहिली.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या किती वर गेलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर माझ्या बहिणीनं ट्रंकेतले कागद एकेक सुटे केले आणि गच्चीवर दोरीला चिमटे लावून साड्यांच्या शेजारी वाळत घातले. तिनं ते वाचवले, यात शंका नाही. क्रम मात्र त्या दोरीवरच गेला. पानांवर नंबर नव्हते, तारखा नव्हत्या.

आधी मी एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दुकानात गेले होते. तिथल्या पोरानं कागद पत्त्यांसारखे पिसले आणि म्हणाला, ‘लॅमिनेट करून स्पायरल मारतो, दोन तासांत.’ क्रमाचं काय विचारलं तर ‘तुम्ही द्याल तसा.’ पिशवी उचलून बाहेर आले. मग करवीर नगर वाचन मंदिरात जाणाऱ्या एका मैत्रिणीनं मामांचा पत्ता सांगितला.

आम्ही घरातल्यांनी ते कागद कधी धड वाचले नव्हते, ही लाजेची गोष्ट आहे. प्रत्येक पानावर दोन रकाने, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्च, आणि रकमा आण्यांत, सोळा आण्यांचा रुपया या जुन्या हिशेबानं. देशात १९५७ पासून नवे पैसे चालू होते, आणि १९७५ साली हा माणूस आण्यांत लिहीत होता. आम्हाला वाटायचं, तुरुंगाच्या कॅन्टीनचा काहीतरी हिशेब असेल. जुन्या सवयीनं आणे.

मामांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, चार पानं वाचली आणि म्हणाले, ‘ताई, हा रोजमेळ हाय, रोजचा जमाखर्च. पण पैशाचा न्हाई.’

तिथं फळीवर बसून मी आप्पांचा हिशेब पहिल्यांदा वाचला. जमेला: ‘वॉर्डरने घरून आणलेली हिरवी मिरची दिली, दोन आणे.’ ‘जमातवाले मौलवी रोजा सोडताना माझ्यासाठी दोन खजूर बाजूला ठेवतात, तीन आणे.’ ‘आज सकाळी हसू आले, कारण नाही, एक आणा.’ नावे: ‘पाण्याच्या रांगेत पुढे घुसलो, एक आणा.’ ‘इचलकरंजीच्या शाखेवाल्या पोराला सगळ्यांसमोर टाकून बोललो, आठ आणे.’ ‘वॉर्डरला बिल्ल्याच्या नंबराने हाक मारली, दोन आणे.’

ही शेवटची नोंद मी तीनदा वाचली. तिथं नंबर आप्पांना होता. नंबरानं हाक खाणारा माणूस संध्याकाळी बसून स्वतःच्या नावे दोन आणे टाकत होता, कारण त्यानं उलट तेच केलं.

आणि सरकार? धरणारे, सही करणारे, सेन्सॉर? मी पानं उलटून शोधलं. एका रकान्यात नाव नाही. मला थोडा रागच आला, खरं सांगते. चौदा महिने पगार नाही, आई शिकवण्या करून घर ओढतेय, नातेवाईक आमच्या दारावरून जाताना चप्पल न वाजवता जातायत, आणि हे मिरचीचा हिशेब लिहितायत. मी ते बोलून दाखवलं. मामा दोरा ओवत होते. म्हणाले, ‘ज्येच्याशी येव्हारच ठेवायचा न्हाई, त्येचं खातं कशाला उघडतील?’

आता त्यांच्या खऱ्या कामाबद्दल. मामा आयुष्यभर अडत्यांच्या चोपड्या बांधत आलेत. पाण्यात गेलेल्या, उंदरांनी खाल्लेल्या, भावांच्या भांडणात फाडलेल्या. पानांचा क्रम लावायची त्यांची रीत साधी आहे. प्रत्येक पानाच्या तळाला ‘श्री शिल्लक’ आणि पुढच्या पानाच्या माथ्याला ‘मागील शिल्लक’. खालचा आकडा वरच्या आकड्याला जुळला की पान जुळलं. आप्पा मास्तर असल्यामुळे एकही पान शिल्लक ओढल्याशिवाय सोडलेलं नव्हतं. मामांनी जमिनीवर सतरंजी टाकून एकशे बारा कागद पसरले आणि रोज दुपारी जेवण झाल्यावर तासभर आकडे जुळवत बसले. एकाच आकड्याची तीन-तीन पानं निघायची, मग अक्षर, पेन्सिलचा रंग, कागदाचा जाडपणा बघायचे. हे मी सांगितलेलं काम नव्हतं आणि याचे त्यांनी पैसेही लावले नाहीत. सात आठवडे का लागले याचं उत्तर यात आहे, पण मग फोन तरी उचलायचा. मी चार वेळा हेलपाटे घातले. तारा कापलाय तो कापलाय.

पहिलं पान असं सापडलं: ‘आरंभीची शिल्लक चार आणे.’ खाली बारीक अक्षरात, ‘१९४२, विल्सनचा पुतळा.’ मामांना सांगावं लागलं नाही, जुन्या कोल्हापूरकरांना ते माहीतच असतं. शिवाजी चौकात आज महाराजांचा पुतळा आहे तिथं तेव्हा गव्हर्नर विल्सनचा होता आणि भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांनी तो नंतर बघितला असणार, पेठेतली सगळी पोरं बघायला पळाली असतील. तेहतीस वर्षांनी कोठडीत हिशेब मांडायला बसले तेव्हा खिशात तेवढंच निघालं, चार आणे.

पाचव्या-सहाव्या पानावर एक नोंद आहे: ‘कराडहून मोठी मावशी, आठ आणे.’ हिचा उलगडा आईनं केला. आई आता चौऱ्याऐंशीची आहे आणि कान सोडून सगळं शाबूत आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन होतं, ती एसटीनं गेली होती. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे आप्पांना आत टाकणाऱ्या सरकारातलेच मंत्री. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून सरकारविरोधी चळवळीचे आजारी नेते जयप्रकाश नारायण यांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायला सांगितली. आईनं येरवड्याला पत्र धाडलं: मोठ्या मावशीकडच्या कार्याला गेले होते, मावशींनी पाटण्याच्या आजारी काकांसाठी अख्खा मांडव उभा केला. पत्र पोचलं. सेन्सॉरनं एकच ओळ काळी केली होती, गोडेतेल किती महागलंय ती. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंनाही अटक झाली. आई म्हणते, ‘मावशी आत गेल्या हे मी मग नाही कळवलं. जमेला धरलेलं कशाला खोडायला लावायचं?’

अख्ख्या रोजमेळात मिळकत म्हणून एकच पूर्ण रुपया आहे. ‘न्या. खन्ना, रु. १.’ मामांनी विचारलं, ‘हे खन्ना कोण वो? मिरचीला दोन आणे आणि ह्यास्नी एकदम रुपाया?’ मी जमेल तसं सांगितलं. एप्रिल १९७६ च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की आणीबाणी आहे तोवर स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयं स्थानबद्धांच्या बाजूनं बोलली होती, ते सगळं पुसलं गेलं. पाच न्यायमूर्तींपैकी चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. तो एक म्हणजे एच. आर. खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश व्हायची पाळी त्यांची होती, त्यांना डावलून न्यायमूर्ती बेगना बसवलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. चौघांचा तो निकाल सर्वोच्च न्यायालयानंच २०१७ मध्ये मोडीत काढला. आप्पांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे निकाल ह्येंच्या इरुद्ध गेला, तरी जमेला धरला?’

‘हो.’

‘बरोबर हाय,’ म्हणाले, आणि पुढचं पान घेतलं. मला अजून वाटतं की त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं.

मग अडलं. तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा मामांनी एक पान बाजूला काढून ठेवलं होतं. तोंडानं काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे सरकवलं.

मागील शिल्लक अकरा आणे. जमेला काही नाही. नावे: ‘विनंतीपत्राचा मसुदा केला. यापुढे कोणत्याही चळवळीत भाग घेणार नाही असे लिहिले. एक रुपया.’ त्याखाली: ‘फाडला, सबब सूट एक आणा. निव्वळ पंधरा आणे.’

१९७६ च्या मार्चमध्ये मला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस दवाखान्यात होते. आईनं कळवलं नव्हतं, पण काकांनी मुलाकातीत सांगितलं असणार. तारीख नसली तरी मला ते पान कुठल्या आठवड्यातलं आहे ते कळलं. आप्पा मोडले नाहीत, त्यांनी माफी मागितली नाही, हे आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या समईसारखं तेवत ठेवलेलं वाक्य आहे. दादानं तर ते त्याच्या मुलीच्या लग्नातल्या भाषणातही वापरलं. मी त्याला पुण्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘ते पान बाहेर ठेव. बाकीचं बांधून घे.’

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘काढतो की. गिऱ्हाईक सांगंल तसं. पण मग म्होरची सगळी शिल्लक खोटी पडतीया.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘आणि माझी अडचण निराळीच हाय. अकरा आण्यातनं पंधरा आणे दिलं कसं?’

मला कळेना. त्यांनी समजावलं. रोजमेळात रोख शिल्लक उणे होऊच शकत नाही, हातात असेल तेवढंच देता येतं. या पानाच्या तळाला आप्पांनी शिल्लक ओढलेली नाही, हे असं एकच पान. आणि अक्षरावरून जे पान याच्या पुढचं वाटतं, त्याच्या माथ्याला मागील शिल्लक आहे चार रुपये बारा आणे. मामांनी भिंतीवर खडूनं मांडून दाखवलं. अकरा आणे अधिक पाच रुपये, वजा पंधरा आणे, बरोबर चार रुपये बारा आणे. ‘मधी कुणीतरी पाच रुपये दिल्यात. एक पान कमी हाय.’

पान कमी नव्हतं, चिकटलेलं होतं. मामांनी सगळे जाड लागणारे कागद पुन्हा हाताखालून घातले, एकाला चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरलं, आणि सुरीनं नव्हे, जुन्या बसपासाच्या कडेनं हळूहळू उकललं. पुराच्या गाळानं दोन कागद एक झाले होते. आत पेन्सिलीत एकच ओळ: ‘हातउसने रु. ५.’ पुढे ‘यांजकडून’ आणि मधे रिकामी जागा. नाव मागाहून शाईनं भरलेलं असणार, कारण तिथं फक्त निळा डाग आहे. पेन्सिल पुरात टिकते, शाई टिकत नाही. शेवटच्या पानावर, सुटकेच्या दिवशी, ताळा मांडलाय आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: ‘हातउसने रु. ५, देणे बाकी.’

दोन्ही पानं शिवली. दादाला सांगितलं, तो ‘बरं’ म्हणाला.

पाच रुपये कुणी दिले यावर आमच्या घरात महिनाभर वाद चाललाय. बहीण म्हणते आईनंच. आईला मोठ्यानं विचारलं तर म्हणाली, ‘मी कशाला देतीय? माझ्याकडं तरी कुठं होतं? ते त्या पत्रातली भाषा बघून मला काय काय सुचवायचे, तोच मला आधार.’ तिचं मत गंगावेशीतल्या आमच्या दूधवाल्याचं. त्यानं चौदा महिने रोज अर्धा लिटर दूध घातलं आणि पैशाचं नाव काढलं नाही. ते आई पत्रातून कळवायची. तो शाखेवाला पोरगा आता सत्तरीचा आहे. त्याला आप्पांनी बराकीत बुककीपिंग शिकवलं, त्यावर तो पुढं सूतगिरणीत हिशेबनीस झाला. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘आपलं राजकारण सरांशी शेवटपर्यंत जुळलं नाही. पण मीच दिले असं लिहा की, व्याजासकट वसूल करतो.’ मग हसता हसता त्याला बोलवेना. मामांचा संशय वॉर्डरवर आहे. ते म्हणतात, नाव मागाहून भरायचं ठेवलं, म्हणजे ते आत असताना लिहिलं तर त्या माणसाची नोकरी गेली असती.

आप्पांना एक खोड होती. शिपाई, भाजीवाली, वर्गातलं पोर, कुणीही अडलेलं दिसलं की पाच रुपये काढून द्यायचे आणि परत घ्यायचे नाहीत. नव्वदनंतर पाच रुपयांत काही येत नव्हतं तरी पाचच द्यायचे. आई चिडायची.

आता तक्रारी, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. कापडाचे तीनच रंग आहेत: तांबडा, काळा आणि एक हिरवा, जो मामा निळा आहे म्हणतात. शिलाई दणकट पण पाठ घट्ट बसलीय, त्यामुळे शेवटची वीसेक पानं सपाट उघडत नाहीत आणि आतल्या समासातली काही अक्षरं शिवणीत जातात. जुने कागद असतील तर कडा कापू नका हे आधीच सांगा. माझ्या वेळी त्यांनी आपणहून कापल्या नाहीत, पण कटिंग मशीनवर एक पोरगं असतं, त्याचा भरवसा नाही. सोनेरी अक्षरांचे दीडशे रुपये वेगळे. मी ‘आप्पांची तुरुंगवही’ असं लिहून दिलं होतं. वहीवर आलंय ‘रोजमेळ, १९७५-७७’. विचारलं तर म्हणाले, ‘चिठ्ठी हरवली. आणि आत जे हाय तेच भायेर लिव्हलंय.’ बदलून द्यायला तयार होते. मी राहू दिलं.

पैसे देताना मी दोन हजारांवर राहू द्या म्हटलं. त्यांनी दीडशे मोजून परत दिले. मोबाइलवरून पैसे घेतात, पण कोड चिकटवलेला पुठ्ठा शोधायला वेळ लागतो, तेव्हा सुटे न्या. आणि पिशवी घरून न्या, मामा वही वर्तमानपत्रात गुंडाळून देतात आणि पावसात ती शाई उतरते.